आधुनिक लष्करातील जनसंपर्क तज्ज्ञ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लष्कराचे काम लढण्याचे आहे. मग त्याला जनसंपर्क तज्ज्ञ कशासाठी लागतात?

लष्कर जनतेच्या पैशावर चालते आणि त्यात भरती होतात ती जनतेचीच मुले. ही मुले कुठे आणि कशासाठी पाठवली आहेत, त्यांना पुरेशी साधने मिळतात का आणि त्यांच्या हातून काही विपरीत घडले तर त्याची जबाबदारी कोण घेणार, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक घराला आहे. लोकशाहीत लष्कर लोकनियुक्त सरकारच्या आज्ञेत असते, त्यामुळे या प्रश्नांना उत्तर देणे ही कृपा नसून कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य नीट पार पाडायचे तर त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षित माणसे हवीत.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. मोहीम सुरू झाली की तिच्याबद्दल कोणी ना कोणी बोलणारच. लष्कर गप्प राहिले तर शत्रू बोलतो, अफवा पसरवणारे बोलतात आणि ज्यांना काहीच ठाऊक नाही असेही बोलतात. जनसंपर्क तज्ज्ञ म्हणजे लष्कराची प्रतिमा उजळवणारा माणूस, असा समज बाहेर आहे आणि खुद्द अनेक मुख्यालयांतही आहे. आमच्या मते हा समजच बऱ्याच अनर्थांचे मूळ आहे. लष्कराने आज जे सांगितले ते उद्या, महिन्याने आणि चौकशी पूर्ण झाल्यावरही खरे ठरेल, याची काळजी वाहणे हे त्याचे खरे काम आहे.

या विभागात प्रत्यक्ष कोणकोणती कामे चालतात?

पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे देणे आणि निवेदने प्रसिद्धीस देणे हा कामाचा दिसणारा भाग झाला. त्याखेरीज लष्कराच्या संकेतस्थळाची आणि समाजमाध्यमांवरील अधिकृत खात्यांची जबाबदारी असते, मोहिमांचे छायाचित्रण आणि चित्रीकरण असते, छावणीच्या आसपास राहणाऱ्या लोकांशी संबंध ठेवणे असते (सराव गोळीबाराचे आवाज, बंद केलेले रस्ते, जमिनीचे वाद हे सारे त्यात येते) आणि जवान व त्यांच्या कुटुंबांपर्यंत माहिती पोहोचवणे असते. पूर, भूकंप अशा आपत्तींत लष्कर मदतीला उतरते, तेव्हा कोणत्या रस्त्याने जावे आणि अन्नपाणी कुठे मिळेल हे लोकांना कळवण्याचे कामही याच विभागाकडे येते.

दिवसाची सुरुवात बहुधा वाचनाने होते. रात्रभरात देशातल्या आणि परदेशातल्या माध्यमांत काय आले, कोणती चित्रफीत फिरते आहे, तिच्यातले ठिकाण आणि वेळ खरी आहे का, याचा गोषवारा सकाळच्या बैठकीत कमांडरसमोर ठेवला जातो. हा गोषवारा गोड करून सांगण्याचा मोह ज्याला आवरत नाही, तो या कामाला योग्य नाही.

ही व्यवस्था कशी उभी राहिली?

ब्रिटन व त्याच्या मित्रदेशांनी रशियाविरुद्ध लढलेल्या क्रिमियाच्या युद्धापासून ही कथा सांगण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. १८५४ साली लंडनच्या ‘द टाइम्स’चे वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल रणभूमीवरून बातमीपत्रे पाठवू लागले आणि थंडीने, रोगराईने व ढिसाळ पुरवठ्याने मरणाऱ्या ब्रिटिश सैनिकांचे हाल घरोघरी वाचले जाऊ लागले. जनक्षोभ एवढा वाढला की १८५५च्या सुरुवातीस सरकार कोसळले. सेनेचे प्रत्युत्तर मात्र वेगळ्या दिशेने गेले: १८५६मध्ये ब्रिटिश सेनापतीने शत्रूला उपयोगी पडेल असा मजकूर प्रसिद्ध करण्यावर बंदी घालणारा आदेश काढला. म्हणजे लष्कराने प्रथम शिकून घेतले ते रोखणे. सांगणे शिकायला पुढे फार काळ जावा लागला.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनने वार्ताहरांना आघाडीवर येऊच दिले नाही आणि त्यांच्याऐवजी एका लष्करी अधिकाऱ्यालाच ‘प्रत्यक्षदर्शी’ म्हणून वृत्तान्त लिहायला बसवले. ते वृत्तान्त वाचून कोणाचेच समाधान झाले नाही आणि १९१५मध्ये निवडक वार्ताहरांना परवानगी द्यावी लागली. अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धात परिस्थिती उलटी होती. तेथे पत्रकारांना बरीच मोकळीक होती, पण सायगावमधील रोजच्या संध्याकाळच्या अधिकृत वार्तालापात जे सांगितले जाई आणि रणभूमीवर जे दिसे, त्यात इतके अंतर पडत गेले की पत्रकारांनी त्या वार्तालापाला ‘पाच वाजताचा पोरखेळ’ अशा अर्थाचे नाव ठेवले. १९६७च्या अखेरीस अमेरिकी सेनापतींनी मायदेशी येऊन आशादायक चित्र रंगवले आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी १९६८च्या शेवटी, उत्तर व्हिएतनाम आणि दक्षिणेतील कम्युनिस्ट बंडखोरांचे टेट आक्रमण सुरू झाले. हल्लेखोरांची त्यात जबर हानी झाली. तरीही लोकांच्या मनात राहिला तो एकच प्रश्न: मग आम्हाला काय सांगत होता?

यानंतर लंबक पुन्हा बंदीकडे झुकला. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या १९८२च्या फॉकलंड युद्धात पत्रकार नौदलाच्या जहाजांवर अवलंबून होते आणि काही चित्रफिती ब्रिटनमध्ये पोहोचायला दोन आठवड्यांहून अधिक काळ लागला. १९८३मध्ये ग्रेनाडावर अमेरिकेने चढाई केली तेव्हा पहिले दोन दिवस पत्रकारांना बेटावर प्रवेशच नव्हता. त्यावरून उठलेल्या वादातून समिती नेमली गेली आणि निवडक पत्रकारांचा गट लष्करासोबत नेण्याची पद्धत १९८५पासून अमलात आली. २००३च्या इराक युद्धात अमेरिकेने याच्याही पुढे जाऊन सहाशेहून अधिक पत्रकारांना थेट तुकड्यांसोबत पाठवले. आजच्या बहुतेक लष्करांचे नियम या चढउतारांतूनच घडले आहेत.

जनसंपर्क आणि प्रचारयुद्ध यांत फरक आहे की नावे तेवढी वेगळी?

फरक आहे, आणि तो पुसला गेला की दोन्ही कामे बिघडतात. शत्रूच्या सैनिकांनी शरण यावे म्हणून पत्रके टाकणे, त्यांच्या कमांडरची दिशाभूल करणे, आपण दुसरीकडून हल्ला करणार असा आभास निर्माण करणे, या गोष्टी युद्धात पूर्वापार चालत आल्या आहेत आणि युद्धनियमांना धरून केलेली फसवणूक बेकायदाही नाही. तिचा रोख शत्रूवर असतो. जनसंपर्काचा श्रोता मात्र आपला नागरिक, आपला जवान आणि जगभरचे वाचक असतात, आणि त्यांना खोटे सांगण्याची मुभा कोणत्याही युक्तिवादाने मिळत नाही. म्हणूनच नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीच्या जनसंपर्क धोरणाने मानसशास्त्रीय कारवाया आणि जनसंपर्क यांच्यातली रेषा जपण्यावर भर दिला आहे.

ही रेषा ओलांडण्याचा मोह वारंवार होतो. अमेरिकेवरील सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर पेंटागॉनमध्ये, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्यात, परदेशांतील जनमतावर प्रभाव टाकण्यासाठी एक स्वतंत्र कार्यालय उभारले गेले. ते विदेशी माध्यमांना खोट्या बातम्याही पुरवू शकेल अशी वृत्ते छापून येताच एवढी ओरड झाली की फेब्रुवारी २००२मध्ये ते बंद करावे लागले. मे २०२१मध्ये इस्रायली लष्कराच्या प्रवक्त्याने आपले भूदल गाझामध्ये असल्याचे परदेशी माध्यमांना सांगितले आणि काही तासांत ते मागे घेतले. लष्कराने याला अंतर्गत गैरसमज म्हटले. गाझातील हमास या सशस्त्र संघटनेच्या लढवय्यांना भुयारांत उतरवून तेथे बॉम्बफेक करण्यासाठी माध्यमांचा वापर झाला, असा संशय अनेक पत्रकारांनी उघडपणे व्यक्त केला. खरे काय होते हा वाद बाजूला ठेवला, तरी परिणाम डोळ्यांसमोर आहे: त्यानंतर त्याच प्रवक्त्याचे प्रत्येक विधान दुसऱ्या कोणाकडून तरी ताडून घेतल्याशिवाय छापायचे नाही, असे संपादक ठरवू लागतात. संकटाच्या घटकेला आपले म्हणणे लगेच ग्राह्य धरले जावे, ही प्रवक्त्याची एकमेव पुंजी असते आणि अशा प्रसंगी ती एका दुपारीत खर्च होते.

दुर्घटना घडल्यानंतरचे पहिले निवेदन कसे तयार होते?

याचे उत्तर उदाहरणानेच द्यायला हवे. समजा, पहाटे एक हेलिकॉप्टर कोसळले आहे. गावकऱ्यांनी धुराचे चित्रीकरण करून टाकले आहे, वाहिन्यांचे फोन सुरू झाले आहेत आणि मुख्यालयाला तुटपुंजी माहिती आहे. अशा वेळी चांगले पहिले निवेदन साधारण असे असते:

“आज सकाळी साडेसहाच्या सुमारास लष्कराचे एक हेलिकॉप्टर प्रशिक्षण उड्डाणादरम्यान कोसळले. शोध व बचावकार्य सुरू आहे. हेलिकॉप्टरमधील व्यक्तींविषयीची माहिती त्यांच्या कुटुंबीयांना कळवल्यानंतर देण्यात येईल. दुर्घटनेच्या कारणांच्या चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत. पुढील निवेदन सकाळी दहा वाजता देण्यात येईल.”

या पाच वाक्यांवर मुख्यालयात पाऊण तास वाद झालेला असू शकतो. ‘सुमारास’ हा शब्द राहिला, कारण नेमके मिनिट उड्डाणाच्या नोंदी तपासल्याशिवाय सांगता येत नाही आणि आज सांगितलेली वेळ चौकशीत बदलली तर बाकीच्या चार वाक्यांवरही शंका घेतली जाते. ‘तांत्रिक बिघाडामुळे’ हा शब्दप्रयोग कोणीतरी सुचवलेला असतो आणि तो काढावा लागतो. कारण अवशेष अजून थंडही झालेले नाहीत आणि कारण कोणालाच माहीत नाही. ‘वैमानिकाची चूक’ तर तोंडातूनही काढायची नसते, कारण तो माणूस कदाचित जिवंत नाही आणि त्याची बाजू मांडायला कोणी नाही. ‘सर्व जण सुखरूप असल्याची आशा आहे’ हे वाक्य चांगल्या हेतूने लिहिले जाते, पण ते वाचणाऱ्या आईला ती आशा नसून बातमी वाटते. म्हणून तेही जाते.

शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. पुढची वेळ दिली की वार्ताहरांना थांबण्यासाठी कारण मिळते आणि त्या वेळेपर्यंत तर्काने पाने भरण्याचे दडपण काहीसे कमी होते. पण दहाची वेळ दिली तर दहा वाजता उभे राहायलाच हवे. नवे काही कळले नसेल तर ‘आधीच्या निवेदनात भर घालण्यासारखी माहिती अद्याप मिळालेली नाही’ एवढे सांगण्यासाठी का होईना, पण उभे राहायला हवे.

मृत किंवा जखमी जवानांची नावे लगेच का सांगितली जात नाहीत?

कारण ते नाव आधी घरच्यांना कळले पाहिजे, आणि तेही दारात आलेल्या माणसाकडून. मुलगा गेल्याचे वडिलांना दूरचित्रवाणीच्या पट्टीवरून कळणे यापेक्षा मोठा अपमान लष्कर कोणाचा करू शकत नाही. म्हणून बहुतेक लष्करांत घरच्यांना कळवल्यानंतर काही काळ जाऊ देऊन मगच नाव जाहीर करण्याचा नियम असतो, आणि मोबाइलच्या जमान्यात तो पाळणे फार कठीण झाले आहे. काही लष्करे मोठी हानी झाल्यावर त्या तळावरचे खासगी फोन आणि इंटरनेट तात्पुरते बंद करतात, ते याचसाठी.

कुटुंबाला आधी कळवणे जितके महत्त्वाचे तितकेच खरे कळवणेही. व्यावसायिक फुटबॉलचा मोठा करार सोडून अमेरिकी सैन्यात दाखल झालेला पॅट टिलमन २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात मारला गेला. तो शत्रूच्या गोळीने पडला असे सांगण्यात आले, मरणोत्तर शौर्यपदक दिले गेले आणि त्याच्या स्मृतिसभेचे देशभर प्रक्षेपण झाले. तो आपल्याच सहकाऱ्यांच्या गोळीबारात मारला गेला असावा, हे सैन्यातील अनेकांना काही दिवसांतच ठाऊक झाले होते. कुटुंबाला मात्र ते मे महिना संपता संपता सांगितले गेले. पुढे चौकश्या झाल्या, संसदीय सुनावणी झाली, आणि त्या कुटुंबाचा राग त्याच्या मृत्यूपेक्षाही या लपवाछपवीवर होता. ज्या सैनिकाच्या शौर्याला खोट्याची मुळीच गरज नव्हती, त्याच्याभोवती ते रचले गेले. या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण अभ्यासावे असे आम्हाला मनापासून वाटते.

चूक लष्कराचीच असेल तर जनसंपर्क अधिकारी काय करतो?

जे ठाऊक आहे ते मान्य करतो, जे ठाऊक नाही ते नाकारत नाही आणि कमांडरलाही तसे करायला लावण्याचा प्रयत्न करतो. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या काही तासांत ‘आपल्याकडून असे होणे शक्यच नाही’ ही भावना संपूर्ण मुख्यालयावर पसरलेली असते आणि ती बहुतांश प्रामाणिकही असते.

काबूलमध्ये २९ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकेने ड्रोनद्वारे एका मोटारीवर हल्ला केला. नागरिक मारले गेल्याचे संकेत नाहीत, असे सुरुवातीला सांगण्यात आले आणि काही दिवसांनी सर्वोच्च लष्करी अधिकाऱ्याने ही कारवाई योग्यच असल्याचे म्हटले. १७ सप्टेंबरला लष्कराने मान्य केले की त्या हल्ल्यात दहा निरपराध नागरिक मरण पावले आणि त्यांपैकी सात मुले होती. त्याआधी पत्रकारांनी प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन आणि चित्रफिती तपासून हे जवळपास सिद्धच केले होते. कबुली स्पष्ट होती, ही जमेची बाजू. पण ती बाहेरून पुरावे आल्यानंतर आली.

याहून वाईट उदाहरण ‘कुर्स्क’ पाणबुडीचे आहे. १२ ऑगस्ट २००० रोजी ती बॅरेंट्स समुद्रात बुडाली. रशियन नौदलाने दोन दिवसांनी ही बातमी दिली, दुर्घटनेची तारीख चुकीची सांगितली, पाणबुडीतल्या लोकांशी संपर्क झाल्याचे सांगितले आणि परदेशी मदत घ्यायला विलंब लावला. पाणबुडीवरील सर्व ११८ जण मरण पावले. स्फोटांनंतर २३ जण काही काळ जिवंत होते, हे पुढे एका अधिकाऱ्याच्या मृतदेहाजवळ सापडलेल्या चिठ्ठीवरून कळले. निवेदने खरी असती तरी ते वाचले असतेच असे म्हणता येणार नाही. परंतु सभागृहात अधिकाऱ्यांवर ओरडणाऱ्या एका आईला कॅमेऱ्यांसमोर गुंगीचे इंजेक्शन देण्यात आले, ते दृश्य जगभर पाहिले गेले आणि त्या नौदलाच्या शब्दाला पुढे कित्येक वर्षे ते चिकटून राहिले.

‘चौकशी सुरू आहे’ असे म्हणणे ही टाळाटाळ नव्हे का?

चौकशीची मुदत, तिचा प्रमुख आणि तिचा निष्कर्ष जाहीर होणार की नाही हे सांगितले असेल तर नाही. यांपैकी काहीच सांगितले नसेल तर बहुधा आहे.

माहिती न देण्याची योग्य कारणे कोणती?

मुख्य कारण म्हणजे कोणाचा तरी जीव. पुढच्या हालचाली, तुकड्यांची नेमकी ठिकाणे व संख्याबळ, शत्रूविषयीची माहिती कशी मिळते याचे मार्ग आणि बेपत्ता सैनिकाचा शोध चालू असतानाचे तपशील राखून ठेवणे योग्यच आहे. फॉकलंड युद्धात गूज ग्रीन या वस्तीवर हल्ला होण्यापूर्वीच ब्रिटिश तुकडी तिकडे निघाल्याची बातमी बीबीसीच्या जागतिक सेवेवर प्रसारित झाली आणि मोर्चाबांधणी करून बसलेले जवान ती स्वतः रेडिओवर ऐकत होते. त्या तुकडीचे प्रमुख दुसऱ्या दिवशी लढाईत मारले गेले. माहिती आघाडीवरच्या वार्ताहरांनी फोडली नव्हती, ती लंडनमधून बाहेर आली होती, हे विसरता कामा नये.

नोव्हेंबर २००८मध्ये मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी कमांडोंच्या हालचाली वाहिन्यांवर थेट दिसत होत्या आणि हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणारे लोक सीमेपलीकडे बसून तेच पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या निकालात या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. २०१५मध्ये भारताने केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत बदल करून दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला मनाई केली आणि कारवाई संपेपर्यंत नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेल्या माहितीपुरतेच वृत्तांकन मर्यादित केले. अशा नियमाने त्या अधिकाऱ्यावरचा भार किती वाढतो, हे पुरेसे लक्षात घेतले जात नाही: कॅमेरे हटवले की लोकांना जे कळेल ते केवळ त्याच्याकडून, म्हणून त्याला वेळेवर आणि नियमितपणे बोलावेच लागते.

अवघडलेपणा, वरिष्ठांची नाराजी किंवा निवडणूक ही गोपनीयतेची कारणे नाहीत. ‘गोपनीय’ शिक्का लज्जास्पद गोष्ट झाकण्यासाठी वापरला गेला की खऱ्या गुपितांवरच्या शिक्क्यालाही कोणी मान देत नाही.

तुकडीसोबत राहणारे पत्रकार निष्पक्ष राहू शकतात का?

अंशतः. जे जवान आपले रक्षण करतात, ज्यांच्यासोबत आपण झोपतो आणि जेवतो, त्यांच्याविषयी आपुलकी वाटणारच, आणि एका तुकडीच्या खिडकीतून दिसणारे युद्ध हे संपूर्ण युद्ध नसते. तरीही लांबून ऐकीव माहितीवर लिहिण्यापेक्षा हे पुष्कळ बरे, मात्र इतर पत्रकारांना स्वतंत्रपणे फिरण्याची मोकळीक उरली पाहिजे. पत्रकारांकडून आधी नियम मान्य करून घेतले जातात. २००३मध्ये इराकमध्ये एका अमेरिकी वाहिनीच्या वार्ताहराने थेट प्रक्षेपणात वाळूवर नकाशा काढून तुकडीची जागा दाखवली आणि त्याला तेथून जावे लागले. नियम तपशीलवार असावेत. मात्र ‘लष्कराची बदनामी होईल असे काही लिहू नये’ असे कलम त्यांत घुसले की ती व्यवस्था निकामी झाली असे समजावे.

पत्रकारांचे संरक्षण हाही याच विषयाचा भाग आहे. जिनिव्हा करारांना १९७७मध्ये जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारानुसार धोकादायक भागात व्यावसायिक काम करणारा पत्रकार नागरिक मानला जातो. लष्कराची रीतसर परवानगी घेऊन सोबत फिरणारा युद्धवार्ताहर पकडला गेल्यास १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळतो. हे दोन्ही नियम आपल्या प्रत्येक चौकीवरच्या जवानाला माहीत आहेत ना, हे पाहण्याचा आग्रह जनसंपर्क अधिकाऱ्याने धरायला हवा.

पकडलेल्या शत्रुसैनिकांची छायाचित्रे प्रसिद्ध करता येतात का?

त्यांची ओळख पटेल किंवा मानहानी होईल अशी छायाचित्रे प्रसिद्ध करू नयेत. युद्धकैद्यांना लोकांच्या कुतूहलाचा विषय बनवू नये, असे तिसऱ्या जिनिव्हा कराराचे तेरावे कलम सांगते. विजयाच्या उत्साहात जवानच आपल्या फोनवरून अशी चित्रे टाकतात, म्हणून बंदोबस्त तिथून सुरू करावा लागतो.

समाजमाध्यमांनी आणि बनावट चित्रफितींनी या कामात काय बदल केला?

वेळ संपवला. पूर्वी सायंकाळच्या बातम्यांपर्यंत विचार करता येई, आता पहिली चित्रफीत काही मिनिटांत फिरते. दुसरे असे की प्रत्येक जवान नकळत प्रकाशक झाला आहे. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ या अॅपने वापरकर्त्यांच्या मार्गांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. वाळवंटातल्या अंधारात उजळून दिसणारी वर्तुळे म्हणजे लष्करी तळांच्या कुंपणालगत जवानांनी मारलेल्या फेऱ्या आहेत, हे जानेवारी २०१८मध्ये लोकांच्या ध्यानात आले. कोणीही गुपित फोडले नव्हते, सगळे व्यायाम करत होते.

बनावट चित्रफितींच्या बाबतीत १६ मार्च २०२२चा प्रसंग शिकण्यासारखा आहे. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शस्त्रे खाली ठेवायला सांगत असल्याची बनावट चित्रफीत एका वृत्तवाहिनीच्या संकेतस्थळात घुसखोरी करून दाखवली गेली. युक्रेनी यंत्रणांनी अशी चित्रफीत येऊ शकते असा इशारा काही दिवस आधीच देऊन ठेवला होता आणि झेलेन्स्कींनी लगोलग स्वतः बोलून ती खोटी असल्याचे सांगितले. चित्रफितीचा प्रभाव पडला नाही तो या दोन गोष्टींमुळे, आणि ती फारशी सफाईदार नव्हती यामुळेही. पुढच्या चित्रफिती अधिक सफाईदार असणार, तेव्हा भिस्त आधीच्या इशाऱ्यावर आणि अधिकृत खात्यांच्या विश्वासार्हतेवरच ठेवावी लागेल.

वरिष्ठांनी खोटे सांगण्याचा आदेश दिला तर?

तो आदेश पाळू नये. ‘यावर मी भाष्य करणार नाही’ एवढे म्हणण्याची वाट नेहमी उघडी असते आणि शहाणा कमांडर तीच मान्य करतो. बहुतेक वेळा आदेश इतका उघड नसतोच. ‘हा आकडा सध्या नको’, ‘हे वाक्य जरा सौम्य करा’ अशा रूपात तो येतो. अशा वेळी दालनाचे दार बंद करून कमांडरला शांतपणे सांगावे लागते की वगळलेली ही गोष्ट चार दिवसांनी दुसरीकडून बाहेर येईल आणि तेव्हा प्रश्न हानीचा राहणार नाही, आपण ती का लपवली याचा होईल.

हे सांगता यावे म्हणून जनसंपर्क अधिकाऱ्याची जागा निर्णयाच्या बैठकीत असली पाहिजे. मोहीम ठरल्यानंतर बोलावून ‘आता हे छान शब्दांत लिहा’ असे ज्याला सांगितले जाते, तो कारकून आहे, सल्लागार नव्हे. कमांडरकडे थेट जाण्याची मुभा हा या पदाचा खरा अधिकार आहे; तो नसेल तर पदनाम कितीही मोठे असो, उपयोग नाही.

या कामासाठी सैनिक चांगला की बाहेरून आलेला पत्रकार?

दोघेही लागतात. गणवेशातल्या माणसाला मोहिमेचे व्याकरण कळते आणि जवान त्याच्याशी मोकळेपणाने बोलतात. पत्रकारितेतून आलेल्या माणसाला वार्तालयाची घाई, मुदत आणि संशय कळतो. अमेरिकेने मेरीलँडमधील फोर्ट मीड येथे सैन्यदलांच्या जनसंपर्क आणि छायाचित्रण प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था चालवली आहे. ज्या लष्करांत हे पद दोन वर्षांपुरते कोणाकडेही सोपवले जाते, तिथे अधिकारी काम शिकतो आणि लगेच बदलून जातो.

जवानांपर्यंत माहिती पोहोचवणे हे या विभागाचे काम का मानावे?

कारण जवानाला आपल्याच मोहिमेची बातमी बाहेरच्या वाहिनीवरून कळली तर त्याचा वरिष्ठांवरचा विश्वास ढळतो. ही जाणीव जुनी आहे. भारतात १९०९ साली ‘फौजी अखबार’ या नावाने सुरू झालेले नियतकालिक पुढे ‘सैनिक समाचार’ झाले आणि ते मराठीसह तेरा भाषांतून निघत आले आहे. वेतन, बदल्या, निवृत्तिवेतनाचे नवे नियम, अपघातांची खरी माहिती हे सर्व साध्या भाषेत जवानाच्या हाती पडले, तर निम्म्या अफवा छावणीतच विरतात. घरी फोनवर जवान जे सांगतो त्यावर गाव जितका विश्वास ठेवतो तितका कोणत्याही प्रवक्त्यावर ठेवत नाही.

लष्कराचे निवेदन वाचताना सामान्य वाचकाने काय पाहावे?

प्रथम, निवेदन कोणाच्या नावाने आले आहे ते पाहावे; ‘सूत्रांनुसार’ म्हणून आलेल्या मजकुराला कोणीही उत्तरदायी नसतो. त्यानंतर, लष्कराने स्वतः पाहिलेले, इतरांकडून कळलेले आणि नुसते अनुमान, हे तिन्ही वेगळे ठेवले आहेत का हे तपासावे. शत्रूची हानी नेमक्या आकड्यांत आणि स्वतःची हानी मोघम शब्दांत असेल तर थोडे थांबून पुढच्या निवेदनाची वाट पाहावी. पहिल्या दिवशीचे आकडे बदलणे हे मात्र संशयाचे कारण नाही, कारण रणभूमीवरून येणारी पहिली माहिती बहुधा अपुरी असते. बदल झाल्यावर लष्कर तो उघडपणे सांगते की जुने निवेदन गुपचूप काढून टाकते, हे पाहावे. दुरुस्तीची तारीख घालून आधीचा मजकूर तसाच वाचायला ठेवणारे लष्कर क्वचितच आढळते, आणि जिथे आढळेल तिथला जनसंपर्क विभाग आपले काम नीट करतो आहे असे खुशाल समजावे.